मानद पदवीसाठी नाव कसे सुचवावे: प्रस्तावापासून दीक्षान्त समारंभापर्यंत

दीक्षान्त समारंभात मानद डी.लिट. किंवा डी.एस्सी. स्वीकारणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहिले की ते नाव विद्यापीठाला आपणहून सुचले असावे, असे बहुतेकांना वाटते. एखाद्या सर्वपरिचित नावाच्या बाबतीत तसे घडतही असेल. परंतु ज्यांचे काम मोठे आणि प्रसिद्धी थोडी, अशांच्या नावामागे कोणीतरी चिकाटीने तयार केलेली फाइल असते. लोकसाहित्याचे संकलक, मोडी कागदपत्रांचे वाचक, देशी बियाण्यांचे जतन करणारे शेतकरी, कोशकार, वाद्ये घडवणारे कारागीर अशी माणसे महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांच्या कामाची किंमत जाणणारेही पुष्कळ असतात, मात्र प्रस्ताव कोणी लिहायचा, कोणाकडे द्यायचा आणि त्यात काय असावे लागते याची माहिती नसल्यामुळे ती जाण गप्पांच्या पुढे जात नाही. हा लेख अशा लोकांसाठी लिहिला आहे. त्यात मुख्यतः महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या मानद पदवीचा आणि त्यानंतर साहित्य व विज्ञान अकादमींच्या फेलोशिपचा विचार केला आहे.

कायदा काय सांगतो

भारतीय संविधानाच्या १८व्या अनुच्छेदाने राज्यसंस्थेला किताब देण्यास मनाई केली आहे आणि त्या मनाईतून लष्करी व विद्याविषयक सन्मान हे दोनच प्रकार वगळले आहेत. रावबहादूर, सर यांसारखे किताब बंद झाले तरी विद्यापीठांची मानद पदवी टिकून राहिली, ती या अपवादामुळे. ही गोष्ट प्रस्ताव लिहिणाऱ्याने मनात पक्की धरावी, कारण या सन्मानाचे समर्थन विद्येशी असलेल्या नात्यावर उभे आहे आणि प्रस्तावाचा सगळा भरही तिथेच असला पाहिजे.

मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर इत्यादी ठिकाणच्या विद्यापीठांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ लागू आहे. मानद पदवीबाबत या कायद्याचा क्रम असा आहे. कुलगुरूंनी कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, पूर्वमान्यता मिळवल्याशिवाय व्यवस्थापन परिषदेला असा कोणताही प्रस्ताव विचारात घेता येत नाही. पूर्वमान्यता मिळाल्यावर व्यवस्थापन परिषद त्यावर विचार करते आणि अधिसभेकडे, म्हणजे सिनेटकडे, शिफारस करते. अधिसभेत उपस्थित सदस्यांपैकी किमान दोनतृतीयांश सदस्यांचा पाठिंबा मिळाला आणि तो एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून कमी नसला, तरच शिफारस संमत झाली असे मानले जाते. त्या व्यक्तीची परीक्षा किंवा मूल्यमापन होत नाही. तिचे उच्च स्थान, तिचे कर्तृत्व आणि तिची लोकसेवा यांवरून ती पदवीस पात्र आहे की नाही, एवढेच पाहिले जाते.

यावरून दोन गोष्टी लक्षात याव्यात. पहिली म्हणजे बाहेरच्या व्यक्तीने दिलेला अर्ज थेट अधिसभेपुढे जात नाही. तो कुलगुरूंनी उचलून धरावा लागतो, म्हणून आपला पहिला वाचक कुलगुरू असतो. दुसरी म्हणजे तीन वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या पार्श्वभूमीची माणसे ही फाइल वाचणार असतात. राज्यपाल कार्यालयातील अधिकाऱ्याला ओवीसंग्रहाचे महत्त्व ठाऊक असेलच असे नाही आणि अधिसभेतील नोंदणीकृत पदवीधरांच्या प्रतिनिधीला बीजसंवर्धनातील परिभाषा कळेलच असे नाही. त्यामुळे प्रस्ताव विषयतज्ज्ञाला पटेल इतका नेमका आणि इतरांना समजेल इतका सुबोध असावा लागतो.

कृषी विद्यापीठे, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, रामटेकचे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ, खासगी विद्यापीठे आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठे यांचे कायदे किंवा नियम वेगळे आहेत. गोवा विद्यापीठाचा कारभार १९८४च्या स्वतंत्र कायद्याने चालतो. आपण ज्या विद्यापीठाकडे जाणार त्याचा अधिनियम आणि परिनियम त्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावेत आणि त्यातले मानद पदवीचे कलम स्वतः वाचावे. कोणाच्या सांगण्यावर विसंबून राहू नये, कारण जुन्या १९९४च्या कायद्यातील कलमांचे क्रमांक अजूनही लोकांच्या तोंडी असतात.

नाव ठरवण्यापूर्वी

कोणाचे नाव सुचवावे, याचे उत्तर मनात तयार असते म्हणूनच आपण या कामाला लागतो. तरीही प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा: या व्यक्तीच्या कामामुळे कोणत्या ज्ञानक्षेत्रात काय बदलले किंवा कोणती गोष्ट वाचली, जी एरवी गेली असती? उत्तर दोन वाक्यांत देता आले, तर प्रस्ताव उभा राहील. उत्तरात "सर्वांना मदत करतात", "खूप मोठे मन आहे", "समाजात मान आहे" असेच येत असेल, तर त्या व्यक्तीसाठी दुसरा सन्मान शोधावा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या जीवनसाधना गौरव पुरस्कारासारखे विद्यापीठीय पुरस्कार आहेत, पद्म पुरस्कारांसाठी कोणाही नागरिकाला ऑनलाइन नामांकन करता येते, राज्य शासनाचे पुरस्कार आहेत. चांगल्या माणसाला चुकीच्या सन्मानाच्या रांगेत उभे केले, तर त्याच्या वाट्याला विनाकारण नकार येतो.

औपचारिक शिक्षण नसणे हा अडसर मुळीच नाही. ज्यांना विद्यापीठाची पायरी चढता आली नाही, पण ज्यांच्या कामावर आज विद्यापीठांत प्रबंध लिहिले जातात, अशांसाठी ही पदवी फार अर्थपूर्ण ठरते. उलट, सत्तेच्या पदावर असलेल्या व्यक्तींची नावे सुचवण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कायद्यात उच्च स्थानाचा उल्लेख आहे हे खरे. परंतु पद आज असते, उद्या नसते, आणि पदवी मात्र कायम राहते. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांनी पदावर असलेले राजकीय नेते आणि आपलेच सेवेत असलेले प्राध्यापक यांना मानद पदवीच्या विचारातून वगळले आहे.

व्यक्तीविरुद्ध काही न्यायालयीन प्रकरण, वाङ्मयचौर्याचा आक्षेप किंवा संस्थेच्या कारभाराबद्दल तक्रार असेल, तर ती आपणच आधी शोधून काढावी. नैतिक अधःपतनाचा अंतर्भाव असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांची पदवी काढून घेण्याची तरतूदही महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. आक्षेप निराधार असेल तर त्याचा निकाल किंवा खुलासा फाइलमध्ये जोडावा. लपवलेली गोष्ट अधिसभेत कोणीतरी उभे राहून सांगतेच, आणि तेव्हा सुचवणाऱ्याचा शब्दही पडतो.

विद्यापीठ आणि पदवी यांची निवड

साहित्य, भाषा, कला, इतिहास आणि समाजकार्य यांसाठी डी.लिट., विज्ञान, तंत्रज्ञान व शेती यांसाठी डी.एस्सी. आणि कायदा, घटनात्मक कार्य व सार्वजनिक जीवन यांसाठी एलएल.डी. असा सर्वसाधारण प्रघात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी एलएल.डी. दिली, ती संविधाननिर्मितीच्या आणि समाजसुधारणेच्या कार्यासाठी; उस्मानिया विद्यापीठाने १२ जानेवारी १९५३ रोजी दिलेली पदवी डी.लिट. होती. एकाच व्यक्तीच्या कार्याकडे दोन विद्यापीठे दोन बाजूंनी पाहू शकतात, हे त्यातून दिसते. आपण सुचवताना मात्र एकच बाजू ठरवावी.

विद्यापीठ निवडताना नावाच्या मोठेपणापेक्षा नाते पाहावे. भाताच्या किंवा ज्वारीच्या वाणांवर काम केलेल्या शेतकऱ्याचा प्रस्ताव राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली यांपैकी ज्या कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रात ते काम झाले तिथे द्यावा. अहिराणीचे काम जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला जवळचे वाटेल, वऱ्हाडीचे अमरावतीला, कोकणीचे गोवा विद्यापीठाला. त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात या व्यक्तीचे पुस्तक आहे का, तिथल्या एखाद्या विभागाने तिचा संग्रह वापरला आहे का, तिच्या कार्यावर तिथे पीएच.डी. झाली आहे का, हे आवर्जून शोधावे. असा एक दुवा सापडला तरी प्रस्तावाला घरचा माणूस भेटल्यासारखे होते. एकाच वेळी तीन-चार विद्यापीठांकडे तोच प्रस्ताव पाठवू नये. कुलगुरू एकमेकांना भेटतात आणि प्रत्येक फाइल शेवटी त्याच राज्यपाल कार्यालयात जाते.

कोणाच्या सहीने

प्रस्ताव कोणीही लिहू शकतो, परंतु सही कोणाची आहे याला वजन असते. विद्यापीठातील संबंधित विभागप्रमुख, विद्याशाखेचे अधिष्ठाता, अध्यासनाचे प्रमुख, व्यवस्थापन परिषदेचे किंवा अधिसभेचे सदस्य यांपैकी एकाने प्रस्तावक व्हावे आणि आपण टिपणी, पुरावे व पत्रे जमवून देण्याचे काम करावे, ही सर्वांत उपयोगी वाटणी आहे. अधिसभेत प्राचार्यांचे, अध्यापकांचे, संस्थाचालकांचे आणि नोंदणीकृत पदवीधरांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. त्यांची यादी विद्यापीठाकडे मिळते. आपल्या जिल्ह्यातील सदस्यांना प्रत्यक्ष भेटून कामाची माहिती द्यावी. भेटीला जाताना त्या व्यक्तीचे एक पुस्तक किंवा संग्रहाचा एक नमुना सोबत न्यावा. अर्ध्या तासाच्या बोलण्याने जे होत नाही, ते कित्येकदा चार पाने हातात पडल्याने होते.

कुटुंबीयांनी, त्या व्यक्तीच्या संस्थेतील कर्मचाऱ्यांनी किंवा तिच्याकडून आर्थिक लाभ घेणाऱ्यांनी प्रस्तावक होऊ नये. नाते असेल तर ते पत्रातच उघड सांगावे.

फाइलमध्ये काय असावे

सर्वांत वर कुलगुरूंना उद्देशून एका पानाचे पत्र असावे. त्यात व्यक्तीचे पूर्ण नाव, सुचवलेली पदवी, कार्याचे दोन-तीन वाक्यांत सार आणि सोबत जोडलेल्या कागदांची यादी एवढेच यावे. त्यानंतर सविस्तर टिपणी, मग परिचयपत्र, प्रकाशित साहित्याची किंवा कार्याची सूची, शिफारसपत्रे आणि शेवटी निवडक पुरावे. वर्तमानपत्रांतील कात्रणांचा गठ्ठा जोडण्याची आपल्याकडे फार सवय आहे. सत्कारांच्या बातम्या, शाल-श्रीफळाची छायाचित्रे आणि नेत्यांसोबतचे फोटो यांनी फाइल जाड होते, भक्कम होत नाही. कात्रणे पाच-सहाच ठेवावीत आणि तीही कार्याबद्दल लिहिलेली असावीत.

या सगळ्यांत टिपणी महत्त्वाची आणि तीच सर्वांत वाईट लिहिली जाते. त्याचे कारण असे की आपण ती गौरवाच्या भाषेत लिहू लागतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. खानदेशातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने आयुष्यभर अहिराणी लोकगीते गोळा केली आहेत, असे समजा. पहिल्या खर्ड्यात साधारणपणे असे वाक्य येते: "आदरणीय बाईंनी आपले संपूर्ण जीवन लोकसंस्कृतीच्या सेवेसाठी वाहिले असून त्यांचे कार्य अतुलनीय व प्रेरणादायी आहे." या वाक्यातील बाईंच्या जागी दुसरे कोणतेही नाव घातले तरी ते तसेच्या तसे चालते, म्हणजेच ते या बाईंबद्दल काहीच सांगत नाही.

आता तेच पुन्हा लिहू: "१९८२ ते २०१५ या काळात त्यांनी आजच्या धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील गावांत फिरून जात्यावरच्या ओव्या, लग्नगीते आणि कानबाईची गाणी प्रत्यक्ष गाणाऱ्या स्त्रियांकडून उतरवून घेतली. प्रत्येक गीताखाली गाणारीचे नाव, गाव आणि तारीख नोंदवली. अहिराणीतील उच्चार देवनागरीत दाखवण्यासाठी त्यांनी स्वतःची चिन्हव्यवस्था ठरवली आणि ती प्रत्येक खंडाच्या आरंभी स्पष्ट केली. हा संग्रह चार खंडांत प्रसिद्ध झाला असून मूळ वह्या व ध्वनिफिती त्यांनी अभ्यासकांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. यांतील बऱ्याच गायिका आज हयात नाहीत." इथे एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याच्या मनात आदर निर्माण होतो. शिवाय प्रत्येक विधान तपासता येते: खंड दाखवता येतात, वह्या दाखवता येतात, चिन्हव्यवस्था भाषातज्ज्ञाला दाखवता येते. टिपणीतील प्रत्येक वाक्याला समासात एक क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक पुराव्याच्या कागदावर लिहावा. ज्या वाक्याला कागद सापडत नाही, ते वाक्य काढावे किंवा त्यासाठी कागद मिळवावा.

टिपणीचा दुसरा भाग परिणामांचा असावा. या कार्याचा उपयोग कोणी केला, त्यावर आधारून कोणते संशोधन झाले, कोणत्या ग्रंथांत त्याचा उल्लेख आला, गावातील लोकांच्या जगण्यात काय फरक पडला, हे क्रमाने सांगावे. तिसरा भाग छोटा असतो, पण तो न विसरता लिहावा: हीच व्यक्ती का आणि आत्ताच का. एखादा मोठा प्रकल्प नुकताच पूर्ण झाला असेल, बोलीच्या ऱ्हासामुळे असे काम पुन्हा होणे अशक्य झाले असेल किंवा त्या व्यक्तीचे वय झाले असेल, तर तसे सरळ लिहावे. मानद पदवी बहुतेक ठिकाणी हयात व्यक्तीलाच आणि प्रत्यक्ष हजेरीत दिली जाते, त्यामुळे वयाचा मुद्दा केवळ भावनेचा राहत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाने ७ ऑगस्ट १९४० रोजी रवींद्रनाथ ठाकुरांना डी.लिट. देण्यासाठी शांतिनिकेतनातच विशेष समारंभ केला होता. परंतु अशी सवलत हा अपवाद असतो, तिच्या भरवशावर दिरंगाई करू नये. टिपणी सुमारे हजार ते दीड हजार शब्दांत बसवावी आणि तिचा इंग्रजी मजकूरही सोबत द्यावा, कारण फाइल राज्यपालांपर्यंत जाते आणि राज्यपाल बहुधा परप्रांतातील असतात.

टिपणीबरोबर मानपत्राचा मसुदाही दिला तर उत्तम. कोलंबियाने आंबेडकरांसाठी वाचलेले मानपत्र अगदी थोडक्यात होते: आधी त्यांनी काय काय केले ते आणि त्यानंतर थोर समाजसुधारक व मानवी हक्कांचे धैर्यशील कैवारी हा गौरव. हा क्रम अनुकरणीय आहे. आधी काम ऐकले की मागाहून येणारा गौरवाचा शब्द ऐकणाऱ्याला आपलाच वाटतो.

शिफारसपत्रे

तीन ते पाच पत्रे पुरेशी आहेत. ती सगळी एकाच गावातली, एकाच गटातली किंवा एकाच भाषेत बोलणारी नसावीत. एक पत्र त्या विषयातील मान्यवर अभ्यासकाचे असावे, ज्याचा त्या व्यक्तीशी घरोबा नाही. त्याने कार्याची तुलना त्या क्षेत्रातील इतर कामांशी करावी. दुसरे पत्र शक्य असेल तर महाराष्ट्राबाहेरचे किंवा परदेशातले असावे. परदेशातील महाराष्ट्र मंडळांचे अनेक सदस्य तिथल्या विद्यापीठांत शिकवतात. त्यांच्यामार्फत योग्य विभागातील अभ्यासकापर्यंत पोचता येते. तिसरे पत्र ज्यांच्यामध्ये हे काम झाले त्यांच्यापैकी कोणाचे तरी असावे: गायिकेच्या मुलीचे, वाण वापरणाऱ्या शेतकऱ्याचे, पाड्यावरच्या शिक्षकाचे. हे पत्र साध्या भाषेतले आणि हस्ताक्षरातले असले तरी चालते.

पत्र मागताना नमुना लिहून देऊ नये. पाचही पत्रांत एकच वाक्य आढळले की वाचणाऱ्याला सगळेच पोकळ वाटते. त्याऐवजी पत्रलेखकाला कार्याची सूची आणि टिपणी पाठवून "आपण यातील अमुक ग्रंथाबद्दल लिहावे" असे नेमके सांगावे. किमान सहा आठवड्यांची मुदत द्यावी. आमदार-खासदारांची शिफारसपत्रे टाळलेली बरी. ती विद्याविषयक निर्णयात दडपण म्हणून वाचली जातात.

गोपनीयता

प्रस्ताव दिला आहे हे त्याच्या कामात ज्यांची मदत घेतली त्यांच्याखेरीज कोणालाही, विशेषतः त्या व्यक्तीला, सांगू नये. समाजमाध्यमांवर मोहीम चालवणे, सह्या गोळा करणे, वर्तमानपत्रात "अमुक यांना डी.लिट. द्या" अशी पत्रे लिहिणे यांतून हेतू चांगला असला तरी नुकसान होते. ऑक्सफर्डमध्ये १९८५ साली तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना मानद पदवी देण्याचा प्रस्ताव आधीच जाहीर झालेला होता. विद्यापीठाच्या सभेने तो ७३८ विरुद्ध ३१९ मतांनी फेटाळला आणि ती जगभर बातमी झाली. एवढ्या मोठ्या पदावरील व्यक्तीला तो आघात पेलला असेल. आयुष्यभर शांतपणे काम केलेल्या एखाद्या वृद्ध अभ्यासकाला गावभर चर्चा झाल्यानंतरचा नकार फार लागतो. परिचयपत्रासाठी माहिती हवी असेल, तर ती सूचीकरणासाठी किंवा लेखासाठी हवी आहे असे खोटेही सांगू नये. "आपल्या कार्याची नोंद नीट करून ठेवायची आहे" हे सांगणे खरे असते आणि पुरेसेही असते.

देणे आणि पाठपुरावा

फाइल कुलसचिव कार्यालयाच्या आवक विभागात द्यावी, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा आणि एक प्रत कुलगुरू कार्यालयात वेगळी द्यावी. दीक्षान्त समारंभाच्या निदान एक वर्ष आधी हे व्हावे. अधिसभेच्या बैठका वर्षातून मोजक्याच होतात आणि त्याआधी राज्यपालांची पूर्वमान्यता यावी लागते, त्यामुळे समारंभ दोन महिन्यांवर आलेला असताना दिलेला प्रस्ताव त्या वर्षी मार्गी लागणे कठीणच. दोन-अडीच महिन्यांनी कुलसचिवांना नम्रपणे विचारणा करावी. आणखी काही कागद हवेत का, असे विचारल्यास विचारणेला निमित्तही मिळते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज हा शेवटचा उपाय आहे. तो केला तर तीस दिवसांत उत्तर येईल, पण ज्यांनी आपला प्रस्ताव आपलेपणाने पुढे न्यायचा त्यांच्याशी संबंध ताणले जातील.

कुलगुरू बदलले की फाइल मागे पडते. नवे कुलगुरू रुजू झाल्यावर नवे एका पानाचे पत्र द्यावे, त्यात जुना आवक क्रमांक नमूद करावा आणि मधल्या काळातील नवीन काम जोडावे.

फेलोशिपचा मार्ग

इथे संशोधनासाठी दरमहा मिळणाऱ्या फेलोशिपचा विचार केलेला नाही; अकादमी ज्यांना आपले फेलो म्हणून निवडते त्या सन्मानाचा केला आहे. यात बाहेरच्या माणसाची भूमिका आणखी मर्यादित असते, म्हणून ती नीट ओळखावी लागते.

साहित्य अकादमीची महत्तर सदस्यता, म्हणजे तिची फेलोशिप, हा तिचा सर्वोच्च सन्मान असून एका वेळी २१ पेक्षा अधिक भारतीय साहित्यिकांना तो दिलेला नसतो. मराठीतून वि. स. खांडेकर यांना तो १९७० साली आणि विंदा करंदीकर यांना १९९६ साली मिळाला. जागा रिकामी झाल्याशिवाय नवे नाव येत नाही आणि निर्णय अकादमीच्या समित्यांत होतो. म्हणून इथे आपले काम त्या साहित्यिकाचे साहित्य इतर भाषांत पोचवण्याचे आहे. ज्यांना मराठी येत नाही अशा सदस्यांनी ते वाचलेच नसेल, तर कितीही चांगली शिफारस कोरडी राहते. चांगले हिंदी आणि इंग्रजी अनुवाद, समीक्षालेख, संपूर्ण ग्रंथसूची यांवर आधी काही वर्षे खर्च करावीत. हे काम नामांकनाच्या अर्जाहून कितीतरी मोलाचे आहे आणि सन्मान मिळो न मिळो, ते टिकते.

विज्ञानात नामांकनाचा अधिकार मुख्यतः विद्यमान फेलोंकडे असतो. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या तिन्ही संस्था आपल्या फेलोंची यादी प्रसिद्ध करतात. तिथून त्या विषयातील फेलो शोधावा आणि शास्त्रज्ञाच्या विभागप्रमुखाने त्याच्याशी संपर्क साधावा. लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी दोन फेलोंनी नाव सुचवावे लागते आणि राष्ट्रकुलातील नागरिक म्हणून भारतीयांना पूर्ण फेलो होता येते. मुंबईचे जहाजबांधणी अभियंते आर्देशीर कर्सेटजी वाडिया १८४१ साली तिथे निवडले गेलेले पहिले भारतीय. पुढे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत घडलेले मनमोहन शर्मा आणि रघुनाथ माशेलकर हेही त्या मालिकेत आले. या प्रस्तावांत लोकप्रियतेला जागा नाही; शास्त्रज्ञाचे निवडक शोधनिबंध कोणते आणि त्यांतील नवे काय, हे नेमके सांगावे लागते. संख्येपेक्षा निवड महत्त्वाची, म्हणून दोनशे निबंधांच्या यादीआधी वीसच निबंध वेगळे काढून प्रत्येकाखाली एक वाक्य लिहावे.

परदेशी विद्यापीठे आणि बनावट पदव्या

परदेशातील अनेक विद्यापीठांकडे मानद पदवीच्या नामांकनाचा ठरावीक फॉर्म असतो आणि तो माजी विद्यार्थ्यांना किंवा कर्मचाऱ्यांना भरता येतो. काही विद्यापीठे मात्र मानद पदव्या देतच नाहीत. अमेरिकेतील एमआयटी आणि स्टॅनफर्ड ही त्यांतली परिचित नावे. तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

फसवणुकीचा धोका मात्र जवळ आहे. "आपली मानद डॉक्टरेटसाठी निवड झाली आहे" असा संदेश येतो, नोंदणी शुल्क मागितले जाते, एखाद्या पंचतारांकित हॉटेलात गाउन घालून समारंभ होतो. २०२३ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाच्या आवारातच एका बाहेरच्या संस्थेने अशा खोट्या पदव्या वाटल्याचे उघड झाले होते, म्हणजे केवळ जागा पाहून विश्वास ठेवता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६च्या २२व्या कलमानुसार भारतात पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, ती पाहावी. खऱ्या मानद पदवीसाठी कोणतेही शुल्क नसते. पैसे मागितले की तो विषय तिथेच थांबवावा. आपण ज्या व्यक्तीचा आदर करतो तिला असा संदेश आला, तर तिला सावध करणे हेही आपलेच काम आहे.

मान्यता मिळाल्यावर

विद्यापीठ संबंधित व्यक्तीला पत्र पाठवून संमती विचारते. काहीजण तत्त्व म्हणून नकार देतात. तो निर्णय त्यांचा, त्यावर दबाव आणू नये. संमती मिळाली की मानपत्राचा अंतिम मजकूर समारंभापूर्वी त्या व्यक्तीला दाखवण्याची विनंती विद्यापीठाला करावी. नावाचे शुद्धलेखन, गावाचे नाव, ग्रंथांची शीर्षके आणि सनावळी नजरेखालून घालाव्यात, कारण पदवीपत्रावर छापलेली चूक नंतर दुरुस्त करणे अवघड जाते. वृद्ध व्यक्तीसाठी व्यासपीठाच्या पायऱ्या, बसण्याची जागा, सोबतीला एक माणूस आणि भाषणाची वेळ यांबद्दल कुलसचिव कार्यालयाशी आधीच बोलावे. मानद पदवी ही नोकरीसाठी किंवा बढतीसाठी शैक्षणिक अर्हता ठरत नाही आणि नावाआधी "डॉ." लावण्यासाठी ती वापरू नये, हा संकेत आहे, परिचयपत्रात "डी.लिट. (मानद)" असे स्पष्ट लिहावे.

प्रस्ताव फेटाळला गेला किंवा नुसता पडून राहिला, तर फाइल जपून ठेवावी आणि दरवर्षी तिच्यात नवे काम, नवी परीक्षणे, नवी पत्रे घालत राहावी. पुढच्या खेपेला दुसरे विद्यापीठ निवडता येते, पदवीचा प्रकार बदलता येतो, अधिक वजनदार प्रस्तावक मिळवता येतो. फाइलची एक प्रत जिल्ह्यातील ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या संबंधित विभागात ठेवावी. त्या व्यक्तीच्या कार्याचा पुढे अभ्यास करणाऱ्याला एवढी तपासलेली साधनसामग्री दुसरीकडे क्वचितच एकत्र मिळेल.